कुलूप रस्त्याचं, कुलूप घराचं

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा या विषयाशी संबंध काय? संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणारं ते छोटंसं कुलूप, आणि ऑनलाइन नोंदणी करताना आपण देतो ती माहिती. आम्ही काही संगणकातले नाही. पण हा विषय आमच्या घरी आपल्या पायांनी चालत आला. कसा, ते आधी सांगतो.

एका संस्थेच्या वार्षिक संमेलनासाठी आम्ही तिच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं होतं. नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइल, ईमेल आणि, का कोण जाणे, आधार क्रमांकही मागितला होता. कुलपाची खूण दिसत होती. ती पाहून आम्ही निर्धास्तपणे सगळे रकाने भरले. दोनेक महिन्यांनी पुन्हा तिथे जायची वेळ आली, तर पासवर्ड काही आठवेना. 'पासवर्ड विसरलात?' असं लिहिलं होतं, तिथे बोट ठेवलं. मिनिटभरात ईमेल आला आणि त्यात आमचा पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला! आम्ही खूश. म्हटलं, काय तत्पर सेवा आहे! शेजारी नात बसली होती. ती संगणकशास्त्र शिकते. तिने विचारलं, "आजोबा, हा पासवर्ड तुम्ही आणखी कुठे कुठे वापरता?"

आम्ही गप्प. कारण तोच पासवर्ड ईमेलला होता आणि जिथे पेन्शन जमा होते त्या बँकेच्या खात्यालाही होता.

"अगं, पण कुलूप होतं की!" आम्ही म्हणालो. ती म्हणाली, "आजोबा, कुलूप रस्त्याला होतं. घर उघडंच आहे."

आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या एका वाक्याचं भाष्य आहे असं समजा. रस्त्याच्या कुलपाचा इतिहास वेगळा आणि घराच्या कुलपाचा वेगळा. पडद्यावरची खूण फक्त पहिल्याविषयी बोलते. आपण मात्र ती दोन्हींची समजतो. सगळा घोटाळा तिथे आहे.

आधी रस्ता पाहू. भारतात १८७९ साली पोस्टकार्ड सुरू झालं, किंमत पाव आणा. स्वस्त होतं, म्हणून घरोघरी पोचलं. पण त्यावरचा मजकूर वाटेत कोणीही वाचू शके. म्हणून जरा नाजूक गोष्ट असली की माणसं पाकीट वापरत. १९९० च्या आसपास जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेब उभं केलं, ते पोस्टकार्डासारखं होतं. त्यात काही चूक नव्हती. शास्त्रज्ञांना आपापले अहवाल एकमेकांना दाखवायचे होते, त्यात लपवायचं काय? पण आपण पाठवलेला मजकूर वाटेत अनेक यंत्रांमधून जातो आणि त्यातलं कुठलंही यंत्र तो वाचू शकतं. अहवाल असेल तर वाचू दे. क्रेडिट कार्डाचा आकडा असेल तर?

मग पाकीट का नाही केलं? कारण इथे एक फार जुनी अडचण आडवी येते. गुप्त लिपी ही काही नवी गोष्ट नाही. ज्युलियस सीझर अक्षर तीन घरं पुढे सरकवून लिही, असं रोमन चरित्रकार सुएटोनियसने नोंदवून ठेवलंय. आपल्याकडे करपल्लवी, नेत्रपल्लवी हे शब्द आहेत: बोटांच्या किंवा डोळ्यांच्या खुणांनी बोलायचं. पण या सगळ्यात एक अट असते. खुणा दोघांनी आधी भेटून ठरवलेल्या लागतात. १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी फ्रान्समधल्या एका लष्करी नियतकालिकात लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: तुमची पद्धत शत्रूच्या हाती पडेल हे धरूनच चाला, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. हे तत्त्व आजही चालतं. पण किल्ली पोचवायची कशी? ज्या दुकानदाराला आपण जन्मात भेटलो नाही, त्याला किल्ली द्यायची ती त्याच उघड्या रस्त्यावरून!

शेकडो वर्षं हे कोडं सुटणार नाही असंच वाटत होतं. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ते सोडवलं. त्याच सुमारास राल्फ मर्कल हा तरुणही स्वतंत्रपणे त्याच दिशेने विचार करत होता. त्यांचा मार्ग समजायला आपली लाल टपालपेटी डोळ्यांसमोर आणा. पत्र टाकायला किल्ली लागत नाही, कोणीही टाकावं. काढायला मात्र किल्ली लागते आणि ती एकाकडेच असते. म्हणजे बंद करणं सगळ्यांना खुलं, उघडणं एकालाच शक्य. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी अशी पेटी गणितात बनवून दाखवली. ६१ गुणिले ५३ किती, हे आपण कागदावर मिनिटात काढू: ३२३३. पण नुसतं ३२३३ देऊन 'हे कुठल्या दोन मूळ संख्यांचे गुणाकार?' असं विचारलं तर वेळ लागतो. संख्या शेकडो अंकी असेल, तर संगणकही हात टेकतात.

या इतिहासात एक चटका लावणारी गोष्टही आहे. ब्रिटनच्या गुप्त दळणवळण खात्यात जेम्स एलिस यांना ही कल्पना १९७० सालीच सुचली होती आणि क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्ये तिला गणिताचं रूपही दिलं होतं. पण सरकारी गुपित म्हणून ती फाइल बंद राहिली. १९९७ च्या डिसेंबरात ती जगासमोर आली, आणि एलिस त्याच्या जेमतेम महिनाभर आधी वारले होते.

हे गणित आपल्या पडद्यावर आलं ते व्यापारामुळे. नेटस्केप या कंपनीने आपल्या ब्राउझरसाठी एसएसएल नावाची पद्धत बनवली आणि १९९५ मध्ये ती लोकांच्या हाती आली. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपी' नंतर जो 'एस' दिसतो, तो तिथला. 'एस' म्हणजे सुरक्षित. आपला ब्राउझर आणि समोरचा संगणक आधी त्या खुल्या-बंद किल्ल्यांच्या युक्तीने एक तात्पुरती किल्ली ठरवतात आणि मग त्या किल्लीने सगळं बोलणं बंद पाकिटातून चालतं. हे आपल्या डोळ्यांचं पातं लवायच्या आत होतं.

पण अमेरिकन सरकारच्या लेखी त्या काळी मजबूत गुप्त लिपी म्हणजे शस्त्रास्त्र होतं आणि तिच्या निर्यातीवर निर्बंध होते. म्हणून अमेरिकेबाहेर द्यायच्या ब्राउझरमध्ये मुद्दाम कच्चं कुलूप बसवलेलं असे, ४० बिटांचं. त्याच्या शक्य किल्ल्या सुमारे १.१ लाख कोटी. आकडा मोठा वाटतो ना? १९९५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या डामियाँ डॉलिजे या तरुण संशोधकाने सुमारे १२० संगणक कामाला लावून असं एक कुलूप आठ दिवसांत उघडून दाखवलं. आता तारखांचा योग बघा. त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. म्हणजे आपण या रस्त्यावर पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा आपल्या वाट्याला आलेलं कुलूप आठ दिवसांत उघडणारं होतं! हे निर्बंध बऱ्याच अंशी सैल झाले ते २००० सालच्या जानेवारीत.

त्यानंतरही पुष्कळ संकेतस्थळं अर्धवट कुलूप लावत. पासवर्ड देण्याचं पान बंद पाकिटात, पुढचं सगळं पोस्टकार्डावर. २०१० मध्ये एरिक बटलर यांनी 'फायरशीप' नावाचं एक छोटं साधन सगळ्यांना खुलं केलं. कॅफेतल्या उघड्या वाय-फायवर शेजारी बसलेल्याच्या खात्यात त्याच्या नावाने शिरणं किती सोपं आहे, हे त्यामुळे सगळ्यांना दिसलं. मग मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' या ना-नफा उपक्रमाने कुलूप फुकट द्यायला सुरुवात केली आणि जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर कुलूप नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळावर 'असुरक्षित' असा शिक्का मारू लागला. आज बहुतेक रस्त्यांना कुलूप आहे. ही चार दशकांची खरोखर मोठी कमाई आहे, ती आपण कमी लेखायची नाही.

आता इथे आमच्या विषयातला एक प्रश्न उभा राहतो. टपालपेटी मजबूत आहे, मान्य. पण ती कोणी ठेवली? एखाद्या लबाडाने लाल रंग देऊन स्वतःचीच पेटी नाक्यावर ठेवली तर? आपल्याकडच्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. जे आपल्याला स्वतः पडताळता येत नाही, ते आपण विश्वासार्ह माणसाच्या शब्दावर स्वीकारतो. अशा माणसाला नैयायिक 'आप्त' म्हणतात. इंटरनेटवरही नेमकं हेच केलंय. 'हे संकेतस्थळ अमुक नावाचंच आहे' असं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आहेत आणि आपला ब्राउझर त्यांना आप्त मानून चालतो.

पण आप्तच फसला तर? २०११ मध्ये डिजिनोटार या डच प्रमाणपत्र कंपनीत चोर शिरले आणि तिच्या नावाने त्यांनी पाचशेहून जास्त खोटी प्रमाणपत्रं काढली. त्यातलं एक गूगलच्या नावाचं होतं. ते वापरून इराणमधल्या लोकांचा ईमेल वाटेत वाचला गेला. त्या लोकांच्या पडद्यावर कुलूप अगदी व्यवस्थित दिसत होतं. ब्राउझर बनवणाऱ्यांनी कंपनीचं आप्तपण काढून घेतलं आणि सप्टेंबरात तिचं दिवाळं निघालं. ज्या धंद्याचं भांडवलच विश्वास, तो विश्वास गेल्यावर दुसरं होणार काय?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आप्त आपल्याला नेमकं काय सांगतो, तेही नीट ऐकायला हवं. तो म्हणतो, 'हा त्याच नावाचा माणूस आहे.' तो असं म्हणत नाही की 'हा सज्जन आहे.' एखाद्या भामट्याने बँकेच्या नावासारखं दिसणारं, एका अक्षराचा फरक असलेलं नाव घेतलं, तर त्या नावाचं प्रमाणपत्र त्याला रीतसर मिळतं. त्याच्याकडे जाणारा रस्ताही अगदी कडेकोट! आपण आपली माहिती सुरक्षितपणे चोराच्या घरी पोचवतो. लोक कुलपाचा अर्थ 'भरवशाचं' असा घेतात, हे लक्षात आल्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने पत्त्याजवळची कुलपाची खूण काढून टाकली आणि तिथे दुसरं साधं चिन्ह ठेवलं. ज्या खुणेवर विसंबून आम्ही ते सगळे रकाने भरले, ती खूण गैरसमज करते म्हणून बनवणाऱ्यांनीच मागे घेतली. आमच्या संगणकावर दुसरा ब्राउझर आहे, म्हणून आम्हाला ती दिसत होती इतकंच.

आता रस्ता सोडून घरात येऊ. माहिती पोचल्यावर समोरचा ती कशी ठेवतो, याला रस्त्याच्या कुलपाचा काडीचा उपयोग नाही. हा इतिहास तर आणखी जुना आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी वाटून वापरायची सोय केली. प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी राहावीत म्हणून त्यांनी पासवर्ड आणले. सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये, वाचता येतील असे. १९६२ मध्ये अॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना, म्हणून त्याने ती फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने संगणक वापरला. पुढे अनेक वर्षांनी त्याने ते स्वतःच कबूल केलं. १९६६ मध्ये तर एका चुकीमुळे रोजच्या सूचनेची फाइल आणि पासवर्डांची फाइल यांची अदलाबदल झाली. जो कोणी संगणक सुरू करील, त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड!

यावरचा उपाय फार सुंदर आहे. गिरणीत गहू दळले की पीठ होतं, पिठाचे परत गहू होत नाहीत. केंब्रिजला रॉजर नीडहॅम यांनी याच धर्तीवर सुचवलं की पासवर्ड ठेवूच नका, त्याचं पीठ ठेवा. माणूस पुन्हा आला की त्याने दिलेला पासवर्ड पुन्हा दळा आणि दोन्ही पिठं ताडून पाहा. सारखी निघाली तर माणूस खरा. अशाने चोराने कोठार फोडलं, तरी त्याच्या हाती पीठच लागतं. १९७९ मध्ये बेल लॅब्जच्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी आणखी एक पायरी सांगितली: प्रत्येकाच्या दळणात वेगळं चिमूटभर मीठ टाका, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं दिसेल. तांत्रिक भाषेतही त्याला 'सॉल्ट'च म्हणतात. त्या दोघांनी ३,२८९ पासवर्ड तपासले होते. त्यातले सुमारे ८६ टक्के फार आखूड, फार साधे किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले. माणसाचा स्वभाव तेव्हाही हाच होता.

म्हणजे १९७९ पासून हे ज्ञान सगळ्यांना खुलं आहे. आणि तीस वर्षांनी, डिसेंबर २००९ मध्ये, रॉकयू नावाच्या कंपनीतून तीन कोटींहून अधिक पासवर्ड चोरीला गेले, ते सगळे साध्या अक्षरांत ठेवलेले! त्यात सर्वांत लाडका पासवर्ड होता १२३४५६.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, आमची नात का दचकली. जे घर खरोखर दळून ठेवतं, त्याला तुमचा पासवर्ड तुम्हाला परत सांगताच येणार नाही. ते फार तर म्हणेल, 'हा दुवा घ्या आणि नवा पासवर्ड ठेवा.' ज्याने आम्हाला आमचाच पासवर्ड ईमेलने पाठवला, त्याच्या कोठारात अख्खे गहू पडलेले होते. आम्ही ज्याला तत्पर सेवा म्हणत होतो, ती खरं तर कबुली होती.

शेवटचा मुद्दा. पासवर्ड दळता येतो, पण जन्मतारीख, पत्ता, मोबाइल क्रमांक दळून ठेवले तर समोरच्याचं काम चालत नाही. त्याला ते वाचावेच लागतात. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जन्मतारीख कशी बदलणार? तेव्हा इथे गणित संपतं आणि नीती सुरू होते. घरात ठेवलेलं सुरक्षित कसं राहील, याच्या आधीचा प्रश्न असा की हे मागितलंच का? मागायचा अधिकार काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. कामापुरतीच माहिती मागावी आणि संमती घेऊनच मागावी, हे त्याचं सूत्र आहे. कायदा आपल्या बाजूने बोलू लागलाय. पण रकाना भरणारा हात आपला आहे, तो कायद्याचा नाही.

अनेक जण म्हणतात, 'आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?' आम्हीही हेच म्हणायचो. पण लपवणं वेगळं आणि राखणं वेगळं. आपण दार लावून जेवतो, ते काही चोरून जेवतो म्हणून नव्हे. कोणाला काय आणि किती सांगायचं, हे ठरवता येणं हाच माणसाच्या स्वातंत्र्याचा एक भाग आहे.

मग आम्ही काय केलं, ते सांगून थांबतो. त्याच संध्याकाळी नातीला शेजारी बसवून सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, कारण बाकी सगळ्या किल्ल्या त्याच दारातून मिळतात. मग बँकेचा बदलला. प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांबलचक ठेवला. ते सगळे एका वहीत लिहिले आणि वही कपाटात ठेवली. नात हसली, पण म्हणाली, "चालेल आजोबा, तुमच्या कपाटात इंटरनेटवरून कोणी शिरत नाही." संस्थेला पत्र लिहिलं की आमचा आधार क्रमांक काढून टाका. आता कुठे आधार द्यावंच लागलं, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क्ड प्रत देतो. आणि ज्या रकान्यावर तारांकित खूण नाही, तो कोराच सोडतो.

परवा एके ठिकाणी नोंदणी करताना आईचं नाव विचारलं होतं. खूण नव्हती. क्षणभर हात थबकला, मग तो रकाना तसाच रिकामा ठेवून आम्ही पुढे गेलो. नोंदणी झाली. कोणाचं काही अडलं नाही.